गाडी मागे सरकली म्हणून इंजिन उलटं फिरतं का?

स. न. वि. वि.

वयाच्या ४७ व्या वर्षी गाडी शिकले. लायसन्स मिळून चार महिने झाले. गेल्या महिन्यात चढावर सिग्नलला थांबले होते. हिरवा झाला म्हणून ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी मागे जायला लागली. पहिला गिअर होता, क्लच दाबलेला होता. घाबरून मी क्लच एकदम सोडून दिला. जोराचा गचका बसला, गाडी बंद पडली आणि जागच्या जागी उभी राहिली. मागच्या गाडीला लागली नाही एवढंच नशीब. घरी सांगितलं तर धाकटे भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुम्ही इंजिन उलटं फिरवलंत. व्हॉल्व्ह वाकले असणार.” तेव्हापासून मी गाडीला हात लावलेला नाही. माझे मिस्टर रोज चालवतात, त्यांना काही फरक जाणवत नाही. पण परवा त्यांनीच गाडी बंद असताना मागे ढकलली आणि ती पहिल्या गिअरमध्ये आहे हे दोन फूट गेल्यावर लक्षात आलं. आता मलाच कळेना. गाडी मागे गेली की इंजिन खरंच बिघडतं का? आणि चढावर गाडी लावताना कुठला गिअर टाकून ठेवायचा? जो तो वेगळं सांगतो.

— एक वाचक

ताई,

व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) वाकलेली गाडी तुमच्या मिस्टरांना महिनाभर चालवता आलीच नसती. बहुधा दुसऱ्या दिवशी सुरूच झाली नसती, आणि झालीच असती तर तिचा आवाज ऐकून शेजारीसुद्धा खिडकीत आले असते. तेव्हा गाडी बरी आहे. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

भाऊजींच्या बोलण्यात तथ्य अजिबातच नाही असं मात्र नाही. इंजिन उलटं फिरू नये, हे गॅरेजमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी उमेदवारी करत असताना टायमिंगच्या खुणा जुळवायला पाना लावून क्रँकशाफ्ट चुकून उलट्या बाजूला फिरवला होता. उस्तादांनी हातातला पाना काढून घेतला आणि त्या दिवशी मला फक्त नटबोल्ट धुवायला बसवलं. त्यांचं म्हणणं तेव्हा समजलं नव्हतं. भाऊजींनी तेच कुठेतरी ऐकलं असणार, फक्त ते तुमच्या प्रसंगाला लागू पडत नाही.

क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा. तो एकाच दिशेने फिरावा अशी सगळी मांडणी केलेली असते. तुम्ही रिव्हर्स टाकून गाडी मागे घेता तेव्हासुद्धा तो नेहमीच्याच दिशेने फिरतो. चाकांची दिशा बदलण्याचं काम गिअरबॉक्समध्ये मध्येच घातलेलं एक जादा चक्र करतं. म्हणून गाडी मागे गेली की इंजिन उलटं फिरलं, असं होत नाही. इंजिन उलटं फिरायला गाडी पुढे जाण्याच्या गिअरमध्ये हवी, क्लच सोडलेला हवा आणि तरीही चाकं मागे जायला हवीत. (किंवा रिव्हर्स गिअरमध्ये असताना गाडी पुढे घरंगळायला हवी, ते एकच.) गाडी न्यूट्रलला असेल तर ती हवी तेवढी मागे ढकला, इंजिनाला त्याची खबरसुद्धा लागत नाही. गिअर आहे पण क्लच पूर्ण दाबलेला आहे, तरी तेच. आणि रिव्हर्समध्ये गाडी उतारावरून मागे गेली तर इंजिन सुलटच फिरतं. बॅटरी उतरलेली गाडी रिव्हर्स गिअरमध्ये मागच्या बाजूला धक्का मारूनही सुरू होते ती म्हणूनच. फक्त रिव्हर्सचा गिअर बराच खालचा असल्यामुळे गचका मोठा बसतो. पुढच्या बाजूला धक्का मारताना आपण पहिल्याऐवजी दुसरा गिअर टाकतो, त्याचंही कारण हेच.

आता तुमचा चढावरचा प्रसंग जरा सावकाश बघू. साध्या छोट्या गाडीत पहिल्या गिअरला चाक एकदा फिरतं तेव्हा इंजिन साधारण १४ वेळा फिरतं. चाकाचा घेर दोन मीटरच्या आतबाहेर असतो. म्हणजे गाडी एक मीटर सरकली की इंजिनाचे सुमारे सात फेरे. तुमची गाडी चालण्याच्या वेगाने, समजा ताशी पाच किलोमीटरने, मागे जात होती. क्लच दाबलेला असल्यामुळे इंजिन आपलं मिनिटाला ८०० च्या आसपास फेरे घेत सुलट फिरत होतं. क्लचप्लेट मात्र गिअरबॉक्सच्या बाजूला जोडलेली असते, त्यामुळे ती चाकांबरोबर उलटी फिरत होती, मिनिटाला जवळजवळ ६०० फेऱ्यांनी. तुम्ही पाय सोडला आणि विरुद्ध दिशांना फिरणाऱ्या या दोन तबकड्या एकमेकींवर येऊन दाबल्या गेल्या.

पहिली झळ क्लचप्लेटला बसली, ती घासली. गचका इंजिनाच्या रबरी माउंटिंगने आणि चाकांना जोर पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टने सोसला. इंजिन थांबलं. थांबताना कदाचित अर्धापाऊण फेरा उलटं गेलंही असेल. पण ताई, चावी फिरवून गाडी बंद करता ना, तेव्हाही इंजिन बहुतेकदा शेवटच्या क्षणी थोडं उलटं झुलतं. शेवटचा पिस्टन हवा दाबत वर जातो, पार करण्याइतका जोर उरलेला नसतो, आणि दाबलेली हवा त्याला मागे ढकलते. आपोआप बंद-चालू होणाऱ्या नव्या गाड्यांत तर हे उलटं झुलणं मोजणारे सेन्सर बसवलेले असतात, कारण पुन्हा सुरू करायला पिस्टन नेमका कुठे थांबलाय हे कंट्रोल युनिटला कळावं लागतं. तेवढ्या उलट फिरण्याने काही बिघडत असतं तर एकही गाडी वर्षभर टिकली नसती.

आणि बंद पडलेल्या इंजिनानेच तुमची गाडी तिथे रोखून धरली. पिस्टनला सिलिंडरमधली हवा दाबावी लागते, तोच अडथळा चाकांपर्यंत पोचतो. तुमचा पाय क्लचवरून घाबरून सुटला खरा, पण मागच्या गाडीला वाचवलं ते त्यानेच. ब्रेक दाबला असता तर जास्त बरं झालं असतं, हे तुम्हाला आता मी सांगायला नको.

मग उस्ताद का रागावले होते? गोष्ट टायमिंगच्या पट्ट्याची आहे. क्रँकशाफ्ट फिरला की दातेरी पट्टा किंवा साखळी कॅमशाफ्टला फिरवते आणि कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. पट्ट्याची एक बाजू क्रँक ओढत असतो, ती नेहमी ताणलेली. दुसरी बाजू जरा सैल असते आणि तिथे टेन्शनर नावाची दाबकी बसवलेली असते. इंजिन उलटं फिरलं की ओढ बदलते. सैल बाजू ताणली जाते आणि टेन्शनरलाच दाबू लागते, तर ज्या बाजूला टेन्शनर नाही तिथे ढील येते. त्या ढिलाईत पट्टा दात्यावरून उडी मारू शकतो. एखादा दाता चुकला तर इंजिन बहुधा फेंगडं चालतं, दम कमी होतो. जास्त दाते चुकले तर ज्या क्षणी पिस्टन वर येतो त्या क्षणी व्हॉल्व्ह उघडा असतो, आणि मग दोघांची टक्कर. आजच्या बहुसंख्य इंजिनांत, आणि डिझेलमध्ये तर हमखास, पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. वेळ चुकली की व्हॉल्व्ह वाकतो. भाऊजी म्हणत होते तो हाच प्रकार.

साखळीच्या इंजिनात टेन्शनर पुष्कळदा ऑइलच्या दाबावर चालतो, आणि इंजिन बंद असताना तो दाब नसतो. म्हणून त्यात सहसा खाचांची अडसर असते, दांडा पूर्ण मागे जाऊ नये म्हणून. ती अडसर झिजलेली असेल, साखळी लांबलेली असेल, पट्टा मुदतीबाहेर गेलेला असेल, तर उलट्या फिरण्याची भीती खरी. धडधाकट इंजिनात एखाददुसऱ्या फेऱ्याने पट्टा उडी मारत नाही.

दुसरी गोष्ट ऑइल पंपाची. तो क्रँकच्याच जोरावर फिरतो. उलटा फिरला की ऑइल बेअरिंगकडे जायच्या ऐवजी खाली टाकीकडे ओढलं जातं. दोन-चार फेऱ्यांना आधीची ऑइलची पातळ थर पुरून उरते. मिनिटभर तसं चाललं तर बेअरिंगं जातात.

मिनिटभर इंजिन उलटं कशाला चालेल, असं तुम्ही विचाराल. जुन्या, इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या डिझेल गाड्यांत असं खरंच होत असे. चढावर गाडी बंद पडली, गिअरमध्ये असतानाच वेगात मागे घसरली, आणि इंजिन उलट्या दिशेने पेटलं की ते तसंच चालू राही. सायलेन्सरमधून हवा आत ओढायची आणि धूर एअर फिल्टरमधून बाहेर! पहिला गिअर टाकला की गाडी मागे, रिव्हर्स टाकला की पुढे. ऐकायला मजा वाटते, पण ऑइलचा दाब शून्य, त्यामुळे काही क्षणांत बंद केलं नाही तर इंजिनाची वाट लागायची. बंद करायलाही ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून ते गुदमरवावं लागे. तुमच्या गाडीत हे होणार नाही. आताच्या इंजिनात क्रँक आणि कॅम या दोन्हींच्या सेन्सरचा मेळ बसल्याशिवाय कंट्रोल युनिट इंधनच देत नाही.

उलटं फिरणं म्हणजे मुळातच पाप आहे असंही नाही हो. मोठ्या जहाजांची टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं मुद्दाम उलटी चालवतात. तिथे गिअरबॉक्स नसतो, पंखा थेट इंजिनाला जोडलेला असतो. जहाज मागे घ्यायचं तर इंजिन थांबवून दाबलेल्या हवेने उलट्या दिशेने पुन्हा सुरू करायचं. १९५५ साली आलेल्या मेसरश्मिट केआर२०० या तीनचाकी छोट्या गाडीचं टू-स्ट्रोक इंजिनही उलटं सुरू करता यायचं, आणि मग तिला मागे जायला चक्क चार गिअर मिळायचे. ताशी पन्नासने मागे जायची हौस कुणाला असेल, कोण जाणे. सांगायचा मुद्दा, त्या इंजिनांची रचनाच दोन्हीकडे फिरायला केलेली होती. तुमच्या गाडीच्या इंजिनाची नाही, म्हणून आपण जपायचं.

आता मिस्टरांचं दोन फुटांचं प्रकरण. इथे मात्र तिन्ही गोष्टी जुळल्या होत्या: पहिला गिअर, क्लच सुटलेला, गाडी मागे. दोन फूट म्हणजे चारेक फेरे, तेही हाताने ढकलून, म्हणजे गोगलगाईच्या गतीने. ढकलताना गाडी अडखळत, गचके खात गेली असेल. प्रत्येक गचका म्हणजे एकेक पिस्टन हवा दाबून पुढे सरकत होता. एकट्याने रेटणं इतकं जड जातं की बहुतेक माणसं एका फुटातच थांबून ‘गिअर तर नाही ना?’ म्हणून आत डोकावतात. तुमच्या मिस्टरांच्या अंगात जोर बराच दिसतोय. त्यानंतर गाडी पहिल्याच सेलला सुरू झाली, इंजिन एका लयीत चाललं, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला नाही, तर विषय संपला. टायमिंग सरकलं असतं तर ते लपून राहत नाही. पुन्हा मात्र असं मुद्दाम करू नका. ढकलण्याआधी गिअरची दांडी डावी-उजवीकडे हलवून न्यूट्रल आहे हे बघायचं, एवढीच सवय.

एक खूण लक्षात ठेवा, न जाणो कधी उपयोगी पडेल. अशा कुठल्याही प्रकारानंतर सेल मारला आणि नेहमीच्या ‘घर्र-घर्र’ अशा ठेक्याऐवजी इंजिन मोकळं, एकसुरी, भराभर फिरल्यासारखं वाटलं, किंवा आतून टकटक आली, तर पुन्हा सेल मारू नका. पट्टा सरकला किंवा तुटला असेल तर पहिल्या वेळी वाचलेले व्हॉल्व्ह दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात वाकतात. तिथेच थांबून गाडी ओढून न्या. मागच्या चाकांना जोर असणारी गाडी लांब ओढायची असेल तर नुसत्या न्यूट्रलवर भागत नाही. इंजिन बंद असताना अशा पुष्कळ गिअरबॉक्सना आतून ऑइल मिळत नाही. पुस्तिकेत ओढण्याचं पान असतं, ते वाचा.

गाडी मागे सरकत असताना पहिला टाकणं किंवा पुढे सरकत असताना रिव्हर्स टाकणं, यात इंजिनाचं काही जात नाही, गिअरबॉक्सचं जातं. पहिल्या गिअरला सिंक्रो (दाते अडकण्याआधी वेग जुळवून देणारा भाग) असतो, तो बिचारा निभावून नेतो आणि झिजतो. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत तोही नसतो, म्हणून ती दात खाल्ल्यासारखी कर्रर्र होते. पूर्ण थांबा, मग टाका.

खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला इंजिनाची काळजी वाटलीच नाही. मागच्या गाडीची वाटली. इंजिन बंद पडून गाडी मागे जात असेल तर ब्रेकला मिळणारी मदतही आटत जाते. ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरता साठा उरलेला असतो, नंतर पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक तेव्हाही लागतो, पण सगळा जोर पायाचा. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करायचा नाही; एकदाच घट्ट दाबायचा आणि धरून ठेवायचा. हँडब्रेक ओढायचा. मग क्लच दाबून न्यूट्रल, आणि सावकाश सेल. घाईत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. मागचा हॉर्न वाजवतोय? वाजवू दे.

आणि पुन्हा चढावर थांबाल तेव्हा हँडब्रेकवरच निघा. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू वर आणत जा. गाडीचं नाक किंचित उचललं जातं, इंजिनाचा आवाज जरा जड होतो, तो हाफ क्लच. पाय तिथेच ठेवून थोडा अॅक्सिलरेटर द्या आणि मग हँडब्रेक सोडा. गाडी एक इंचही मागे जाणार नाही. रिकाम्या रस्त्यावर, सौम्य चढावर, वीसेक वेळा करा. एकविसाव्या वेळी विचार करावा लागणार नाही. फक्त हाफ क्लचवर गाडी तोलून सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत बसू नका. अनुभवी माणसं ऐटीत करतात ते, आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास आला की दुसऱ्याच्या गाडीकडे बघतात.

राहिला चढावर गाडी लावण्याचा प्रश्न. शिकवणारे सांगतात, नाक चढाकडे असेल तर पहिला, नाक उताराकडे असेल तर रिव्हर्स. वरचं सगळं वाचल्यावर तुम्हाला यात एक गंमत दिसेल: हँडब्रेक सुटला तर दोन्ही वेळा इंजिन उलटंच फिरू पाहणार! म्हणून पट्ट्याच्या काळजीने काही जण नेमकं उलट सांगतात, आणि तुमच्याकडे जो तो वेगळं सांगतो ते बहुधा यामुळेच. हवा दाबण्याचा अडथळा दोन्ही दिशांना जवळपास सारखाच असतो. मी जुनाच नियम पाळतो. कुणी चुकून क्लच न दाबता सेल मारला तर गाडी उताराच्या विरुद्ध बाजूला उडी घेते, उतारावर सुटत नाही. माझ्या दृष्टीने हे पट्ट्यापेक्षा मोलाचं.

मात्र क्रम सांभाळा. पायाचा ब्रेक दाबलेला असताना न्यूट्रल करा, हँडब्रेक पूर्ण ओढा, मग पाय उचलून गाडीला हँडब्रेकवर नीट बसू द्या. त्यानंतर इंजिन बंद करून गिअर टाका. आधीच गिअर टाकून पाय सोडलात तर गाडीचा भार इंजिनावर येऊन बसतो, आणि सिलिंडरमधली दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून थोडी थोडी निसटत असते. चार सिलिंडरच्या गाडीत इंजिन अर्धा फेरा सरकलं की पुढचा सिलिंडर अडवतो. अर्धा फेरा म्हणजे गाडी सात सेंटिमीटर. तीव्र उतारावर, हँडब्रेक ढिला असेल तर, गाडी रात्रीतून अशी ठिपक्या-ठिपक्याने सरकलेली मी पाहिली आहे. गिअर हा राखीव गडी समजा. चाकं अशी वळवून ठेवा की गाडी सुटलीच तर फुटपाथच्या कडेला जाऊन अडेल, आणि चढ जास्त असेल तर चाकामागे दगड.

एक काम तेवढं करा. सर्व्हिसच्या नोंदी काढून टायमिंगचा पट्टा कधी बदलला होता ते बघा. बहुतेक गाड्यांत ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी त्याची मुदत असते, काहींत त्याहून जास्त. आणि गाडी कमी चालली तरी वर्षांचीही मर्यादा असते, कारण रबर जुनं होतं. तुमच्या गाडीला साखळी असेल तर हा प्रश्नच नाही, ऑइल वेळेवर बदललं म्हणजे झालं. पट्टा असेल आणि नोंद सापडत नसेल, तर गाडी मागे न जाताही एक दिवस भाऊजींचं म्हणणं खरं होईल. मग गाडी दाखवून आणा. नेताना तुम्ही चालवा, आणि शेजारी भाऊजींना बसवा.